गुडघा, कवटी आणि दोन यंत्रं

1952 च्या जुलै महिन्यात हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी बॅंटमवेट गटात फ्रीस्टाइल कुस्तीचं ब्राँझपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. खाशाबा परतले तेव्हा कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. त्याच वर्षी फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. जोरदार चुंबकाच्या क्षेत्रात ठेवलेल्या पदार्थातले काही अणुगर्भ ठरावीक रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, हे दोघांनी 1946 मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिलं होतं. या बातमीचा आणि कुस्तीचा काही संबंध असेल असं तेव्हा कराडातल्या कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

तो संबंध चारच वर्षांत पुढे आला. पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झालेले खाशाबा 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी करत होते. तेव्हा त्यांचा गुडघा जायबंदी झाला आणि आंतरराष्ट्रीय आखाड्याला ते कायमचे मुकले. त्या काळी पैलवानाच्या गुडघ्याची तपासणी म्हणजे डॉक्टरांचा हात. पाय वाकवायचा, पिळायचा, सांधा किती सरकतो ते बोटांनी अजमावायचं. एक्स-रे काढला तर हाडं दिसत. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमधली गादी, हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध आणि आत साचलेलं पाणी मात्र एक्स-रेमध्ये जवळजवळ दिसतच नसे. पैलवानाचं नशीब नेमकं त्याच गोष्टींवर अवलंबून असतं. ब्लॉक आणि पर्सेल यांच्या शोधातून पुढे जे यंत्र जन्मणार होतं, त्याचं आजचं रोजचं काम हेच, न कापता गुडघ्याची गादी दाखवणं. पण त्याला अजून तीन दशकं अवकाश होता.

आज सातारा-सांगली भागात एमआरआय आणि सीटी हे शब्द घराघरांत पोहोचले आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक गैरसमजही. लोक या दोघांकडे लहान आणि मोठी तपासणी म्हणून पाहतात. आधी एक्स-रे, त्यात नाही कळलं तर सीटी, त्यातही नाही कळलं तर एमआरआय, अशी जणू शिडीच आहे आणि वरच्या पायरीवर सगळं दिसतं. पैसेही त्याच क्रमाने वाढत असल्यामुळे ही समजूत पक्की होते. खरी गोष्ट वेगळी आहे. ही दोन यंत्रं एका घराण्यातली नाहीतच. सीटी एक्स-रेच्या वंशातलं आहे, एमआरआय चुंबकाच्या. ती शरीराला दोन वेगळे प्रश्न विचारतात, आणि एकाला जे दिसतं ते दुसऱ्याला अनेकदा दिसत नाही. त्यांचा इतिहास पाहिला की हा फरक जितका स्पष्ट होतो तितका तुलनेच्या तक्त्यांनी होत नाही.

आधी सीटीची गोष्ट. 11 डिसेंबर 1967. पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनेचं खोरं हादरलं. कोयनानगरची वसाहत झोपेत होती. दगडामातीच्या भिंती माणसांवर कोसळल्या. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, हजाराहून जास्त जखमी झाली. कोयनानगरहून निघणारा रस्ता पाटणवरून कराडला येतो. त्या परिसरात भिंतीखाली सापडलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला असेल, तर डॉक्टरांपुढचा प्रश्न एकच होता: कवटीच्या आत रक्त साचतंय का? साचत असेल तर ते मेंदूला दाबतं, आणि काही तासांत कवटीला भोक पाडून ते काढलं नाही तर माणूस जातो.

या प्रश्नाचं उत्तर देणारं यंत्र त्या पहाटे कराडात नव्हतं, मुंबईत नव्हतं आणि लंडन-न्यूयॉर्कमध्येही नव्हतं. कवटीचा एक्स-रे काढला तर हाडाला गेलेली चीर दिसे, आतलं रक्त नाही. कारण एक्स-रे म्हणजे सावली. समोरचं हाड, मागचं हाड आणि मधला मेंदू यांच्या सावल्या एकावर एक पडतात, आणि हाडाच्या दाट सावलीत मेंदू नाहीसा होतो. मोठ्या शहरांतल्या मेंदूतज्ज्ञांकडे दोन आडवाटा होत्या. पहिली म्हणजे पाठीच्या कण्यातून किंवा थेट कवटीला भोक पाडून मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरायची आणि मग एक्स-रे काढायचा. अमेरिकेतल्या वॉल्टर डँडी यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस काढलेली ही पद्धत रुग्णाला असह्य डोकेदुखी आणि ओकाऱ्या देई. दुसरी वाट मानेच्या रक्तवाहिनीत औषध सोडून वाहिन्यांचा नकाशा काढायची. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी ती 1927 मध्ये दाखवली होती. दोन्ही पद्धतींत मेंदू दिसत नसेच. तो कुठे सरकला आहे याचा अंदाज बांधावा लागे. जिथे यातलं काही नव्हतं तिथे डॉक्टर बुबुळं पाहत. एक बुबुळ मोठं होऊन प्रकाशाला हलेनासं झालं की त्या बाजूला रक्त साचलंय असं धरून चालत.

योगायोग असा की कोयनेला भूकंप झाला त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एका अभियंत्याने या कोड्याला हात घातला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेले. विद्यापीठाची पदवी नाही, युद्धात हवाई दलासाठी रडारचं काम केलेलं. नोकरी ईएमआयमध्ये, म्हणजे बीटल्सच्या रेकॉर्डी काढणाऱ्या कंपनीत. बीटल्सच्या पैशांतून सीटी स्कॅन जन्मलं, ही गोष्ट मोठ्या आवडीने सांगितली जाते, पण ती फारशी खरी नाही. ईएमआयपेक्षा ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्याने यात कितीतरी जास्त पैसे घातले. एका कंपनीच्या झगमगाटापेक्षा सरकारी खात्याने वेळेवर दाखवलेला विश्वास या कहाणीत मोठा आहे, आणि तो सांगितला पाहिजे.

हाउन्सफील्ड यांची कल्पना अशी: एका दिशेने काढलेली सावली फसवी असते, पण एकाच थराच्या शेकडो दिशांनी सावल्या घेतल्या आणि प्रत्येक दिशेला एक्स-रे किती अडला याचा आकडा नोंदवला, तर त्या आकड्यांची समीकरणं सोडवून थराच्या प्रत्येक ठिपक्याची घनता काढता येईल. काम गणकयंत्राचं. याचं गणित 1917 मध्येच योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने मांडून ठेवलं होतं, पण हाउन्सफील्डना ते माहीत नव्हतं. ॲलन कॉरमॅक यांनाही नव्हतं. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या रुग्णालयात 1956 मध्ये काही काळ काम करताना कॉरमॅकना हाच प्रश्न पडला आणि त्यांनी स्वतःच गणित उभं केलं. 1963 आणि 1964 मध्ये त्यांचे दोन शोधनिबंध छापून आले. जगाने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. निबंधाची प्रत मागणाऱ्या मोजक्या पत्रांत एक स्वित्झर्लंडच्या हिमप्रपात संशोधन केंद्राचं होतं. त्यांना डोंगरावर साचलेल्या बर्फाचा अंदाज घ्यायचा होता.

हाउन्सफील्ड यांचं पहिलं यंत्र एका जुन्या लेथच्या पाट्यावर उभं होतं. क्षीण गॅमा किरणांचा स्रोत वापरल्यामुळे एका चित्रासाठी 28,000 मोजमापं घ्यायला 9 दिवस लागत, आणि ती सोडवायला गणकयंत्राला अडीच तास. मग एक्स-रेची नळी बसवली, तेव्हा 9 दिवसांचे 9 तास झाले. खाटीकखान्यातून आणलेले बैलांचे मेंदू आणि डुकरांची मूत्रपिंडं यंत्राखाली ठेवून पाहिली. करड्या ठिपक्यांच्या जाळीत मेंदूची रचना खरोखरच उमटली.

1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या विम्बल्डन भागात ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात डॉ. जेम्स ॲम्ब्रोज यांनी पहिल्या रुग्णाला त्या यंत्रात निजवलं. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याची शंका असलेली ही बाई होती. मोजमापांची टेप ईएमआयकडे गणकयंत्रावर सोडवायला पाठवली, आणि चित्र आलं ते 80 गुणिले 80 चौकोनांचं, आजच्या मोबाइलवरच्या छोट्याशा चित्रापेक्षाही भरड. पण त्यात गाठ स्पष्ट होती. शस्त्रक्रिया झाली तेव्हा गाठ चित्रात दिसली तिथेच आणि तशीच निघाली. जिवंत माणसाचा मेंदू कवटी न उघडता माणसांनी पहिल्यांदा पाहिला. 1979 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना मिळालं. दोघेही डॉक्टर नव्हते, आणि दोघांपैकी कुणाकडेही पीएचडी नव्हती.

सीटी म्हणजे मोजलेली सावली. त्यातली करडी छटा म्हणजे घनतेचा आकडा असतो, आणि त्या आकड्याच्या एककाला आज हाउन्सफील्ड यांचंच नाव आहे. पाण्याला 0, हवेला उणे 1000, घट्ट हाडाला 1000 च्या पुढे. मेंदूचा आकडा तिशी-चाळिशीत असतो. नुकतंच सांडलेलं रक्त गोठलं की त्याचा आकडा साधारण 50 ते 70 च्या घरात जातो, म्हणून ते मेंदूच्या करड्या पार्श्वभूमीवर पांढरं उठून दिसतं. कोयनेच्या जखमींबाबत डॉक्टरांना बुबुळांवरून जो अंदाज बांधावा लागला असता, तो आज अपघातानंतरच्या पहिल्या तासात एका पांढऱ्या डागाने समजतो. आजचं यंत्र डोक्याचा सीटी काही सेकंदांत काढतं. बेशुद्ध, तडफडणाऱ्या, नळ्या लावलेल्या माणसासाठी हे सेकंदच सर्वांत महत्त्वाचे.

आता चुंबकाची गोष्ट. तिला वळण मिळालं तेही 1971 मध्येच, पहिल्या सीटी रुग्णाच्या जवळजवळ महिनाभर आधी.

2 सप्टेंबर 1971 च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात पॉल लॉटरबर हे रसायनशास्त्रज्ञ एका हॉटेलात जेवत होते. त्या दिवशी त्यांनी उंदरांच्या गाठींचे चुंबकीय प्रतिसाद मोजण्याचा प्रयोग पाहिला होता. रेमंड डमेडियन या डॉक्टरांनी त्याच वर्षी दाखवून दिलं होतं की गाठीतल्या पाण्याचा प्रतिसाद निरोगी पेशींपेक्षा वेगळ्या वेगाने शांत होतो. पण प्रयोगासाठी उंदीर मारून तुकडे काढावे लागत. प्रतिसाद कुठून आला हे जिवंत शरीरात कसं कळणार? जेवताना लॉटरबरना सुचलं की चुंबकाची ताकद सगळीकडे सारखी न ठेवता मुद्दाम एका बाजूला थोडी जास्त आणि दुसऱ्या बाजूला थोडी कमी ठेवली, तर प्रत्येक ठिकाणचे अणू आपापल्या वेगळ्या सुरात उत्तर देतील, आणि सुरावरून जागा ओळखता येईल. त्याच रात्री वही विकत घेऊन त्यांनी हे सगळं लिहून काढलं. 1973 मध्ये त्यांचा निबंध नेचर या नियतकालिकात आला. आधी संपादकांनी तो नाकारला होता. पहिल्या चित्रात होत्या पाण्याच्या दोन बारीक नळ्या. पुढे त्यांच्या छोट्या मुलीने समुद्रकिनाऱ्यावरून आणलेल्या शिंपल्यातल्या जिवाचं चित्र काढलं.

या कथेत भारतीयांची हजेरी आहे आणि ती पुरेशी सांगितली जात नाही. ब्लॉक यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगशाळेतून 1951 मध्ये एक निबंध निघाला. अल्कोहोलच्या एकाच रेणूतले हायड्रोजन अणू त्यांच्या शेजाऱ्यांनुसार तीन वेगवेगळ्या सुरांत उत्तर देतात, हे त्यात दाखवलं होतं. निबंधाच्या तीन लेखकांपैकी एक एस. एस. धर्मट्टी होते. भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचं काम उभं केलं. त्याच 1951 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवातला प्रतिसाद मोजला. एमआरआयवर रक्तप्रवाह पाहण्याच्या पद्धतींचं मूळ त्या कामात सापडतं. पुढे 1975 मध्ये झुरिकमध्ये अनिल कुमार, वेल्टी आणि रिचर्ड अर्न्स्ट यांनी लॉटरबर यांच्या कल्पनेला गणिताची नवी बैठक दिली. आज जगातलं प्रत्येक एमआरआय यंत्र चित्र जुळवतं ते याच घराण्यातल्या पद्धतीने, आणि निबंधावर पहिलं नाव भारतीय आहे.

3 जुलै 1977 रोजी डमेडियन यांनी त्यांच्या एका सहकाऱ्याच्या छातीचं चित्र काढलं. त्याला जवळपास 5 तास लागले. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये पीटर मॅन्सफील्ड वेगाच्या मागे होते. पंधराव्या वर्षी शाळा सोडून छापखान्यात काम केलेला हा माणूस 1978 मध्ये स्वतःच यंत्रात उभा राहिला. बदलत्या चुंबकीय क्षेत्राने हृदय बिघडेल, असा इशारा मिळूनही. 2003 मध्ये नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना मिळालं. डमेडियन यांना वगळलं, आणि त्यांनी अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. त्यांच्या नावावर पहिल्या निरीक्षणाचं श्रेय आहेच. चित्र काढण्याची किल्ली मात्र लॉटरबर यांची, हे कागदपत्रं पाहिली की मान्य करावं लागतं.

एमआरआयमध्ये एक्स-रे अजिबात नसतो. शरीराचा बराचसा भाग पाण्याचा, पाण्यात हायड्रोजन, आणि हायड्रोजनचा अणुगर्भ म्हणजे इवलंसं चुंबक. 1.5 टेस्लाच्या यंत्रातलं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30,000 पट ताकदीचं असतं. त्यात हे अणू रांगेत येतात. मग सुमारे 64 मेगाहर्ट्झची रेडिओलहर सोडून त्यांना ढळवायचं आणि ते पुन्हा जागेवर येताना जो क्षीण आवाज सोडतात तो ऐकायचा. हा सूर एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या जवळचा असल्यामुळे खोलीला तांब्याच्या पत्र्याचं अस्तर लावतात, नाहीतर बाहेरचं रेडिओ केंद्र चित्रात घुसेल. स्नायू, चरबी, मज्जारज्जू, गादीतलं पाणी, सूज आणि गाठ यांचे अणू वेगवेगळ्या वेगाने जागेवर येतात. फरक त्यातून दिसतो. सीटी विचारतं, इथे वस्तू किती दाट आहे? एमआरआय विचारतं, इथलं पाणी कसं वागतंय?

खाशाबांचा गुडघा हे दुसऱ्या प्रश्नाचं उदाहरण. तिथली गादी आणि स्नायू यांची घनता इतकी जवळची असते की सीटीत त्यांच्यातला फरक जेमतेम दिसतो; पाण्याचं वागणं मात्र अगदी वेगळं असतं. ऊसतोडणी करणाऱ्यांच्या कंबरेच्या मणक्यांमधली सरकलेली गादी, तिने दाबलेली नस, फाटलेला स्नायू, मेंदूत नुकतंच बंद पडलेलं रक्ताभिसरण यांसाठीही एमआरआय. फुप्फुसांसाठी मात्र गणित उलटं होतं. फुप्फुस हवेने भरलेलं, पाणी कमी, हायड्रोजन कमी. तिथे नेहमीच्या तपासणीत एमआरआयला ऐकायला फारसं काही उरत नाही. सीटीला तीच हवा उत्तम पार्श्वभूमी देते.

कोविडच्या काळात महाराष्ट्राने याचा धडा सक्तीने घेतला. 2020 आणि 2021 मध्ये सातारा आणि सांगली जिल्ह्यांत घरोघर एकच प्रश्न विचारला जात होता: स्कोअर किती आला? फुप्फुसांचे पाच खंड, प्रत्येक खंडाला बाधेप्रमाणे 5 पर्यंत गुण, एकूण 25. छातीच्या बारीक थरांच्या सीटीवरून, म्हणजे एचआरसीटीवरून, मिळणारा हा आकडा शाळेतल्या गुणांसारखा लोकांच्या तोंडी बसला. मागणी इतकी वाढली की सप्टेंबर 2020 मध्ये राज्य सरकारला दर ठरवून द्यावे लागले: 16 स्लाइसपेक्षा कमी क्षमतेच्या यंत्रासाठी 2,000 रुपये, 16 ते 64 साठी 2,500 आणि त्यापुढच्या यंत्रांसाठी 3,000.

मे 2021 मध्ये दिल्लीच्या एम्सच्या संचालकांनी सौम्य लक्षणांत सीटी काढू नका असं बजावलं आणि एक सीटी म्हणजे छातीचे 300 ते 400 एक्स-रे असं सांगितलं. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने हा हिशेब जुन्या यंत्रांचा आहे, नव्या यंत्रांत मात्रा खूप कमी असते, असं उत्तर दिलं. आकड्याचा वाद तज्ज्ञांचा. पण मूळ सल्ला योग्यच होता. सीटीत एक्स-रेचा डोस मिळतो. गरज असेल तेव्हा तो देण्यात घाबरण्यासारखं काही नाही, कारण कवटीतलं रक्त न सापडण्याचा धोका त्याहून फार मोठा असतो. पण नुसती खात्री करून घेण्यासाठी, पंधरवड्यात तीनदा, तेही लहान मुलाचा सीटी काढण्याला समर्थन नाही.

कराडकडे परत येऊ. 14 ऑगस्ट 1984 रोजी खाशाबा जाधव रस्त्यावरच्या अपघातात गेले. त्याच वर्षी कराडला लागून असलेल्या मलकापुरात कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ते रेठरे बुद्रुकच्या कृष्णा सहकारी साखर कारखान्याचे जयवंतराव भोसले यांच्या पुढाकारातून उभं राहिलं. तोपर्यंत या भागाला मोठ्या आजारासाठी मिरजेचा रस्ता माहीत होता. डॉ. विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल तिथे 1894 पासून होतं. ऐंशीच्या दशकात सीटी ही मुंबईसारख्या महानगरांची गोष्ट होती, आणि देशातला पहिला एमआरआय दिल्लीच्या इन्मास या संरक्षण संशोधन संस्थेत त्याच दशकात बसला. पुणे-बंगळुरू महामार्ग कराडच्या अंगावरून जातो, आणि गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रीच्या अंधारात त्याच रस्त्यांवर असतात. डोक्याला मार लागलेला माणूस मुंबईला पोहोचेपर्यंत तासांचा हिशेब संपलेला असे. आज कराडमध्येच दोन्ही यंत्रं आहेत. दूरच्या शहरातल्या कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा हा बदल मोठा आहे.

एमआरआयच्या दारापुढचं दृश्य कुणीही पाहिलेलं असेल. पाटण किंवा वाळव्याकडून आलेली एखादी आजी बाकावर बसलेली असते. मंगळसूत्र काढा म्हटलं की ती आधी मुलाकडे पाहते, मग सुनेकडे. सून ते रुमालात बांधून स्वतःच्या ब्लाउजमध्ये ठेवते आणि सांगते, "आत्या, अर्ध्या तासात परत घालते तुमच्या गळ्यात." मग जोडवी, कानातलं, केसांच्या पिना, लुगड्याच्या सेफ्टी पिना. तंत्रज्ञ पुन्हा विचारतो: छातीत मशीन बसवलंय का? डोक्याचं ऑपरेशन झालंय का, क्लिप आहे का? पायात रॉड? आत गेल्यावर अरुंद बोगदा आणि कानठळ्या बसवणारी ठोकाठोक. चुंबकाच्या आतल्या गुंडाळ्यांमधला प्रवाह क्षणाक्षणाला बदलताना त्या थरथरतात, त्याचा हा आवाज. आजीच्या हातात रबरी फुगा देतात. घाबरलं तर दाबायचा.

हे दागिने काढायला लावणं उगाच नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक केंद्रात लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर चुंबकाने ओढून घेतला आणि दोन कर्मचारी त्याच्या आणि यंत्राच्या मध्ये चार तास अडकून पडले. 27 जानेवारी 2018 रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात एका नातेवाइकाला सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत जाऊ दिलं गेलं. चुंबकाने सिलिंडर ओढला, वायू बाहेर पडला आणि 32 वर्षांचा तो तरुण मरण पावला. यंत्र बंद आहे असं सांगण्यात आलं होतं, असं त्याच्या घरच्यांचं म्हणणं होतं. इथेच सीटी आणि एमआरआयमधला सर्वांत जीवघेणा फरक आहे. सीटीतला एक्स-रे बटण दाबल्यावरच निघतो. बटण सोडलं की खोली निर्धोक. एमआरआयचं चुंबक सहसा उणे 269 अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेलं असतं आणि ते रात्रंदिवस चालू असतं. रुग्ण नसला, दिवे बंद असले, पडद्यावर काही दिसत नसलं, तरी चुंबक चालूच. या दोन्ही घटनांनंतर प्रत्येक एमआरआयच्या दारावर मराठीत मोठा फलक आणि सक्त पहारा असायला हवा होता. तो सगळीकडे दिसत नाही.

यंत्रांची किंमत हा वेगळा विषय. बहुतेक यंत्रं परदेशातून येतात आणि हेलियमही. मुंबईची समीर ही सरकारी संस्था देशी एमआरआय बनवण्याच्या कामात आहे, आणि बंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्स या कंपनीने देशात तयार केलेलं यंत्र 2025 मध्ये विदर्भात चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात कामाला लागलं. ही यंत्रं तालुक्याच्या गावापर्यंत स्वस्तात पोहोचली, तर मणक्याच्या तपासणीसाठी दागिना गहाण टाकण्याची वेळ येणार नाही.

तोपर्यंत वाचकांनी काही गोष्टी स्वतःच कराव्यात. डॉक्टरांनी सीटी सांगितला तर आम्हाला मोठा एमआरआयच काढून द्या असा हट्ट धरू नये, आणि एमआरआय सांगितला तर स्वस्तातला सीटी चालेल का असंही स्वतः ठरवू नये. आपल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर या तपासणीतून मिळणार आहे, हे मात्र जरूर विचारावं. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं यंत्र, जुनं ऑपरेशन, गर्भारपण, मूत्रपिंडाचा आजार, औषधाची ॲलर्जी हे सगळं विचारण्याआधीच सांगावं. आधीच्या फिल्म आणि सीडी फेकून न देता बरोबर न्याव्यात. नव्या चित्राशेजारी जुनं चित्र असलं की रेडिओलॉजिस्टला आजार वाढला की घटला हे कळतं, आणि अनेकदा एक तपासणी वाचते.